एका कावळ्यासाठी डब्लिनभर

माझ्या सासऱ्यांना आइसलँडिक येत नव्हतं, याचा त्यांना काडीचाही फरक पडला नाही. आम्ही घरी लावलेला सिनेमा त्या भाषेतला होता. आई गेल्यावर एकमेकांशी न बोलणारी दोन भावंडं तिचं शिलाई मशीन गाडीत घालून देशाच्या दुसऱ्या टोकाला, मावशीकडे पोचवायला निघतात, एवढीच गोष्ट. वाटेत भांडतात, चुकतात, मशीन चिखलात पाडतात. इंग्रजी सबटायटल्स बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, वाचून होईपर्यंत पळून जायची. मग त्यांनी वाचणं सोडलं आणि स्वतःच वऱ्हाडीत संवाद म्हणायला लागले. तो दाढीवाला भाऊ गाडीतून उतरला की बाबा त्याच्या वतीने म्हणायचे, "अबे, मशीन पाहून उचल, सुई तुटन." मी आणि नवरा पोट धरधरून हसायचो. त्या सिनेमात हसावं की रडावं ते कळत नाही, पण आम्ही बाबांमुळे फक्त हसलो.

हे २०२० सालचं. बाबा फेब्रुवारीत यवतमाळहून आमच्याकडे डब्लिनमधल्या सँडीफोर्डला आले होते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एका भाचीचं लग्न आटोपून मेमध्ये येणार होत्या. दोघांना बरोबरच आणायला हवं होतं. तिकिटं वेगवेगळी काढू नका, असं मी म्हटलंही होतं, पण सून म्हणून फार ताणून धरलं नाही. मग विमानं बंद झाली. आई तिकडे, बाबा इकडे, आणि मधे रोज संध्याकाळचा व्हिडिओ कॉल.

आईंना कसलासा ताप आला आणि जूनच्या सुरुवातीला त्या गेल्या. शेवटच्या कॉलवर त्यांनी एकच विचारलं होतं, तुम्ही कधी येता? बाबा आयुष्यभर सरळ बोललेला माणूस. ते म्हणाले, विमानं बंद आहेत, काही सांगता येत नाही. आईंनी मान हलवली आणि फोन पुतण्याच्या हातात दिला. ते उत्तर बाबांच्या मनातून गेलं नाही. जेवताना घास हातात धरून बसायचे. टीव्ही लावला तर उठून आत जायचे. सिनेमाचे संवाद तर बंदच झाले.

अग्नी पुतण्याने दिला. दहाव्याला तो नदीवर पिंड ठेवून उभा होता आणि आम्ही इथे पहाटे उठून फोनवर बघत होतो. कावळा शिवेना. सगळ्यांनी काय काय कबूल केलं, दागिने घरच्या मुलींना देऊ, घर रंगवू, गाय विकणार नाही. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घरी गेली. बाबांनी फोन उलटा ठेवला आणि मला म्हणाले, भात लाव. तीळ आहेत ना?

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. तरी भात लावला. प्रेसमधून, म्हणजे इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला म्हणतात त्यातून, काळे तीळ काढले. वाद घालायची ती वेळ नव्हती आणि मला खरंच रडू येत होतं.

तेव्हा आपल्या काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, लांब जायला बंदी होती. त्यामुळे आमचा सगळा प्रवास डब्लिनमधल्या डब्लिनमध्ये झाला. आधी डन लॅरीच्या धक्क्यावर गेलो. तिथे मी डब्याचं झाकण उघडते न उघडते तोच सीगल आले, एक पिंड घेऊन गेले आणि बाबांनी त्यांना असं काही सुनावलं की धक्क्याजवळ पोहणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. मग डोंगराच्या बाजूला गेलो. तिथे कावळे होते, पण अंगाने राखाडी, फक्त डोकं आणि पंख काळे. बाबांनी नीट निरखून पाहिलं आणि नापास केले. हे जॅकेट घातलेले चालणार नाहीत म्हणाले. नवरा गाडी चालवता चालवता हसला.

"त्या पिच्चरमधल्या लोकायले रस्ता तरी मोकळा होता," बाबा मागून म्हणाले. नवऱ्याने गाडी खाडीपलीकडच्या हौथकडे वळवली.

हौथच्या रस्त्यावर गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, गाडी थांबवली. कुठे चाललात? माझा नवरा दिवसभर मीटिंगांमध्ये फाडफाड इंग्रजी बोलतो, पण त्या क्षणी त्याच्या तोंडून निघालं, "वी आर लुकिंग फॉर अ क्रो." गार्डाने आत वाकून पाहिलं. मागे बाबा मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलेले. मग मीच खिडकीतून सगळं सांगितलं, सासूबाई, नदी, भात, कावळा. मला वाटलं, हा आता आम्हाला परत पाठवणार. तो बाबांकडे बघून म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल." इथे दुःखाच्या घरी असंच म्हणतात. मग त्याने पुढच्या वळणावरचं एक खेळाचं मैदान सांगितलं, त्यामागच्या उंच झाडांवर म्हणे कावळ्यांची वस्तीच आहे. तो काय म्हणाला, असं बाबांनी विचारलं. तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं म्हणाला, असं मी सांगितलं. बाबांनी गाडी निघाल्यावरही मागे वळून त्याला हात जोडले.

मैदान रिकामं होतं. झाडांवर खरोखरच काळे कावळे होते, फक्त चोची पांढुरक्या. मी बाबांकडे पाहिलं. "इकडले हायेत, थोडे गोरे असतीनच," ते म्हणाले आणि कुंपणाजवळच्या दगडावर पिंड ठेवला.

दोन-तीन कावळे खाली आले, कुंपणावर बसले, माना वाकड्या करून बघत राहिले. नवऱ्याने हात जोडून सांगितलं, आई, बाबांना आम्ही नीट सांभाळू. काही नाही. मीही सांगितलं, जमेल तेव्हा घरी येऊन तुमचं सगळं व्यवस्थित करू. आयुष्यात पहिल्यांदा मी एका पक्ष्याची मनापासून विनवणी करत होते. कावळे हलले नाहीत. मग बाबांनी आम्हाला गाडीत जाऊन बसायला सांगितलं.

खिडकी उघडी होती. बाबा दगडापासून थोडे मागे सरले आणि घरात बोलावं तसं साध्या आवाजात म्हणाले, "येऊन राहिलो वं मी. वाट नको पाहू. जेवून घे."

वऱ्हाडीत 'येऊन राहिलो' म्हणजे 'येतोय'. माझ्या पुण्याच्या कानांना मात्र ते 'आलो आणि इथेच राहून गेलो' असंच ऐकू आलं.

एक कावळा उतरला. दगडाभोवती उड्या मारत फिरला आणि त्याने भाताला चोच लावली. नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. बाबा संथपणे चालत आले, मागे बसले, रिकामा डबा मांडीवर घेतला. त्यांचा पट्टा लावायला मी मागे वळले, तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते.

"खोटं बोललो न मी," ते म्हणाले. "आन् तिनं खरं मानलं."