नव्या घराच्या चित्रातली आत्या

माझ्या भाच्याने तिसऱ्या वर्षी माझं पहिलं चित्र काढलं, तेव्हा मला पोटच नव्हतं. वाटोळं डोकं आणि डोक्यातूनच निघालेले दोन लांब पाय. लालबागच्या आमच्या चाळीत मी ते घरोघर दाखवून आले. वहिनी म्हणाली, "ताई, किती बारीक झालात!" चौथ्या वर्षी मला हात फुटले, तेही कानांपासून. पाचव्या वर्षी पोट आलं आणि त्यावर टपोरी बेंबी.

"अरे, साडीतून बेंबी दिसते का?"

"दिसत नाही. पण आहे ना?"

मुलं दिसतं ते काढत नाहीत, ठाऊक असतं ते काढतात. मला याची फार गंमत वाटायची.

सहाव्या वर्षी त्याची माणसं हवेत तरंगायची थांबून रेघेवर उभी राहिली, आणि इकडे चाळीच्या जागी टॉवर येणार हे नक्की झालं. खोली माझ्या नावावर. शेवटपर्यंत बाबांचं मी केलं, म्हणून त्यांनी ती मला दिलेली. भाऊ म्हणाला, "ताई, खोली माझ्या नावावर करू या, सगळं सोपं होईल. एक सही कर. नव्या घरात तुला स्वतंत्र बेडरूम!"

मी पेन उघडलं, तेवढ्यात भाच्याने नव्या घराचं चित्र आणलं. त्याच्या आईबाबांना पाचपाच बोटं, पापण्या. तो स्वतः. फिशटँकमधल्या माशाला दातसुद्धा!

"आणि मी रे?"

त्याने कागद उलटला. मागे नारळाचं झाड आणि खाली मी, बेंबीसकट. "तू गावी. मम्मी म्हणाली, आत्याला आत्ता सांगायचं नाही."

एखादी गरीब गाय रडली असती. मी पेनाला टोपण लावलं आणि पोराला चॉकलेट दिलं.

गणपतीत आमच्याकडे मुलांची चित्रं गॅलरीत दोरीला टांगतात. त्याचं मी जिन्यासमोर लावलं, एकाच चिमट्याने, म्हणजे वाऱ्यावर दोन्ही बाजू दिसाव्यात. शेजारची मालवणी काकू चष्मा पुसून म्हणाली, "अगो, ह्यात तू खंय?"

"मागच्या बाजूला, काकू. उलटून बघा."

पोरगं तर खुशीत येईल त्याला समजावून सांगत होतं. संध्याकाळी वहिनी आरतीला आली तेव्हा बायका चित्राकडे बघत होत्या, मग तिच्याकडे बघू लागल्या. काय तिचा चेहरा! मी टाळ्या जरा जोरातच वाजवल्या.

घरी गेल्यावर पोराच्या पाठीत धपाटा बसला. तो माझ्या वाट्याचा होता. मी दारात उभी होते, पण मध्ये पडले नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीने त्याला नवा कागद दिला. "आत्याला घरात काढ. मधोमध!" त्याने नाक ओढत काढलं. वाटोळं डोकं, डोक्यातून दोन पाय. तीन वर्षांचा असताना काढायचा तसंच.

भाऊ मागून वाकून बघत होता. चिडून म्हणाला, "हात काढ की रे तिला! सही करायचीय तिने!"

मी इतकी हसले की ठसका लागला. बाकी कुणी हसलं नाही. पोराने हात काढले, बोटं काही काढली नाहीत.

सही मी अजून केलेली नाही. भाचा हल्ली नुसत्या गाड्या काढतो. आत कोण बसलंय म्हणून विचारलं, तर काचा काळ्या करून टाकतो.