गॅलरीतला प्राणायाम

आजोबा रविवारच्या फोनवर हल्ली दोन वाक्यं बोलून मला फोन का देतात, असं तुम्ही विचारलंत. रागावलेत का, असंही. रागावलेले नाहीत. काय झालं ते सरळ सांगते.

फरीदाबादच्या या घरात राहायला आल्यापासून आजोबा पहाटे गॅलरीत चटई टाकून प्राणायाम करत. सर्दी असो, पाहुणे असोत, खंड नाही. थंडीत समोरची इमारत दिसायची नाही, तरी हे शाल पांघरून बसलेले. लोक फिरायला जाणं बंद करत, तेव्हा हे म्हणायचे, "फुप्फुसं कमावलेली असली की धूर काही करत नाही."

गेल्या हिवाळ्यात खोकला थांबेना, म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "अंकलजी, व्यायाम वगैरा?" यांनी अभिमानानं सगळं सांगितलं: पहाटेची वेळ, मोकळी हवा, खोल श्वास.

ती लिहायची थांबली. "अंकलजी, सर्दियों में उस वक़्त हवा सबसे गंदी होती है. और आप गहरी साँस लेते हैं?"

"रोज," आजोबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "म्हणजे मी पहाटे उठून पोटभर धूर जेवत होतो!"

मी ते तिला हिंदीत सांगितलं आणि आम्ही तिघंही हसलो. मग तिनं तपासणीचे कागद समोर ठेवले. जेवढं गेलं ते परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं ती म्हणाली. थंडीत दिल्लीच्या आसपास राहू नका, हेही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गॅलरीचं दार सरकल्याचा आवाज आला.

"अहो, आत या."

"अगं, हळूहळू घेतो."

"हळू घेतली म्हणून हवा बदलते का?"

ते आत आले. हवा शुद्ध करणारं मशीन लावून खोलीत बसले. थोड्या वेळानं उठले आणि म्हणाले, "फ्रिजशेजारी बसल्यासारखं वाटतं." त्यानंतर बसले नाहीत. मी चटई धुऊन वाळत घातली.

या वर्षी पाऊस संपल्यावर जिना चढताना ते मधेच थांबू लागले. साताऱ्याला आत्याआजीकडे चार महिने जाऊ, असं मी म्हटलं. ते वाद घालतील म्हणून मी मुद्दे तयार ठेवले होते. ते फक्त म्हणाले, "तिकिटं खालच्या बर्थची बघ."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी फ्रिज रिकामा केला, गॅस बंद केला, शेजारणीला किल्ली दिली. खिडक्यांच्या फटींत जुने टॉवेल कोंबले, म्हणजे परत येऊ तेव्हा धूळ कमी असेल.

उद्या निघतो. रविवारी आत्याआजीच्या नंबरवर फोन करा. आजोबांशी बोलताना प्रश्न विचारलात की थोडं थांबा. श्वास घेऊन उत्तर द्यायला त्यांना वेळ लागतो. मधे बोलू नका.