टक्करबाईची लाल रेघ

आमच्या टीव्हीच्या कचेरीत तिला सगळे टक्करबाई म्हणत. नाव मीच ठेवलेलं, आणि त्याचा मला अभिमानही होता. तिचं काम असं : कागदाच्या डाव्या रकान्यात आठवड्याचे कार्यक्रम, उजव्या रकान्यात जाहिराती, आणि दोघांची टक्कर होईल तिथे लाल रेघ. मधुमेहावरच्या चर्चेशेजारी बिस्किटवाले नकोत, विमान पडल्याच्या बातमीशेजारी विमानकंपनी नको. रेघ पडली की जाहिरात सरकायची. जाहिरातदार मोठा असला की मात्र कार्यक्रम सरकायचा, आणि सरकलेला कार्यक्रम परत आलेला मी तरी पाहिला नाही.

बाई कामात इतकी मुरलेली, की चुलतबहिणीच्या लग्नात रुसलेल्या दोन आत्यांना तिने चार टेबलं लांब बसवलं. "मधे व्याही घातलेत," म्हणाली, "आता भडका उडायचा नाही."

घरी ती आणि धाकटा भाऊ. बावीस वर्षं फरशा कापून, धूळ खाऊन त्याची छाती गेलेली. एक जिना चढायला दोन मुक्काम लागत. एकदा हळूच मला म्हणाला, "काका, आमच्या कारखान्यांवर तुमच्या लोकांनी फिल्म केलीये. मी बोललोय त्यात. चांगला अर्धा तास! खोकलासुद्धा गप्प बसला होता. ताईला सांगू नका हं. रविवारी पाचला तिला टीव्हीसमोर बसवून गंमत करणार आहे."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. जन्मात एवढं एकच गुपित राखलं.

रविवारी मीही त्यांच्याकडे गेलो. तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. पाच वाजले आणि पडद्यावर पाणपक्षी आले. पाच मिनिटं त्याने पक्षी पाहिले. "काका, वेळ हीच ना?" मग न राहवून ताईला सगळं सांगून टाकलं.

बाईने हातातला कप खाली ठेवला. "फरशांची फिल्म?"

"हो."

"ती मी काढून टाकली."

"काय गं ताई, गंमत मी करणार होतो!" तो हसला, हसता हसता खोकला. खोकला थांबेपर्यंत ती तशीच उभी.

"फरशीवाल्या कंपनीची जाहिरात होती रे. कागदावर नुसता विषय असतो, कोण बोललंय ते लिहीत नाहीत."

"लिहिलं असतं तर?"

बाईने कप उचलला, पुन्हा ठेवला. तो उठला. "शर्ट काढून ठेवतो, चुरगळेल."

सोमवारी ती साहेबांकडे गेली. माझी चूक झाली, रेघ खोडा म्हणाली. साहेब तसे प्रेमळ. "चूक कसली? तुम्ही पकडलंत म्हणून वाचलो. कंपनीने आभार मानलेत." रेघ मारताना भाऊ आठवला होता का, असं मी तिला विचारलं. विचारायला नको होतं.

"नाही आठवला," म्हणाली. "तेच तर."

भाऊ पुढे दीड वर्ष जगला. शेवटी शेवटी एका वर्तमानपत्रातली मुलगी आली, फरशांच्या धुळीबद्दल बोलाल का म्हणून. मी तिथेच होतो. तो उशीला टेकलेला.

"ताईला विचारा," म्हणाला, "चालेल का ते."

टोमणा असता तर बाईने सोसला असता. पण त्याला खरंच वाटत होतं, विचारायला हवं.

"बोल रे," बाई म्हणाली. "बोल ना."

मुलगी वही उघडून तासभर बसली. तो श्वास गोळा करत राहिला. बोलण्याइतका काही झाला नाही.