डिंफ्नाच्या दोरीवरचा सहा नंबर

क्लूनाहर गावात रविवारचा सामना कसा झाला ते सोमवारी सकाळी डिंफ्ना गिलरेनच्या कपड्यांच्या दोरीवरून कळायचं. दोरी रस्त्याकडेच्या कुंपणालगत होती. दुधाचे कॅन घेऊन डेअरीला निघालेले लोक तिथे ट्रॅक्टर हळू करत आणि मान वळवून जर्सी मोजत. किती जण खेळले, कोणाची बाही फाटली, कोणाच्या छातीवर रक्ताचा डाग राहिला, सगळं तिथे टांगलेलं असे.

"डिंफ्ना, चार नंबर फारच स्वच्छ दिसतोय गं! पठ्ठ्या चिखलात उतरला तरी होता का?"

"त्यालाच विचार की. मी धुते, खेळत नाही."

असं ती म्हणायची, पण तिला सगळं ठाऊक असायचं. टबात हात घातला की कोण जिवावर उदार होऊन खेळला आणि कोण अंग चोरून कडेकडेने पळाला, ते तिला कापडाच्या वजनावरून कळे. घामाने जड झालेली जर्सी ती मायेने दोनदा खळबळून काढायची. कोरडी जर्सी आली, की ती घालणाऱ्या बाप्याशी पुढच्या रविवारपर्यंत तुटक बोलायची.

गंमत अशी, की ती मूळची क्लूनाहरची नव्हतीच. ती नदीपलीकडच्या आर्डव्हार्नाची, आणि या दोन गावांचं फुटबॉलवरून, म्हणजे पंधरा-पंधरा जणांनी हातापायांनी खेळायच्या तिथल्या फुटबॉलवरून, इतकं वाकडं होतं की एकमेकांच्या मयताला गेले तरी लोक चर्चच्या शेवटच्या बाकावर बसून परत यायचे. ह्यूई गिलरेनने मागणी घातली तेव्हा तिचा बाप म्हणाला होता, "पोरगा वाईट नाही, पण त्याच्या पाठीवरचा सहा आकडा मला बघवत नाही." त्यालाही कारण होतं. १९५९ साली क्लूनाहरने काउंटीचा ज्युनिअर चषक जिंकला, जन्मात एकदाच, तोही आर्डव्हार्नाच्या नाकावर टिच्चून. त्या दिवशी बचावफळीच्या मधोमध सहा नंबर घालून ह्यूई उभा होता आणि त्याच्या पलीकडे चेंडू म्हणून जाईना. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी सासूने मळक्या जर्सींचं गाठोडं डिंफ्नाच्या पुढ्यात टाकलं. "धू. म्हणजे कुठून आलीस ते विसरशील." ती विसरली नाही, पण धूत मात्र राहिली.

क्लब म्हणजे तरी काय होता? एका म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्याने मरताना दिलेलं उतरतं शेत आणि पत्र्याची एक खोली. शेताच्या खालच्या कोपऱ्यात बारमाही पाणी साचलेलं. पाहुण्या संघाला त्या चिखलात ढकलायचं आणि मग वरून चेंडू मारत राहायचं, ही क्लूनाहरची एकुलती एक युद्धनीती. तेवढ्यावर साठ वर्षं निभावली. गावात दुसरं होतंच काय? शाळा दोन शिक्षकांची, दुकान एक, दारूचे गुत्ते तीन. बाहेरगावी कोणी विचारलं तर लोक आपण कुठल्या गावचे हे न सांगता आपण कोणाकडून खेळतो तेच सांगायचे.

आणि गावात एक रीत होती. जो पोरगा लंडनला नाही तर बोस्टनला निघेल, त्याच्या बॅगेत त्याची जर्सी घालून द्यायची. इस्त्री करून, घडी घालून डिंफ्नाच ती द्यायची. रीत पडली तेव्हा जाणारे थोडे होते आणि त्यातले काही परतही यायचे. १९८७ साल उजाडेपर्यंत एकवीस जर्सींच्या संचातल्या पंधराच उरल्या. नऊ आणि अकरा नंबर तिच्या स्वतःच्या पोरांनी नेले होते. नवा संच घ्यायची भाषा कोणी काढली नाही, कारण त्या घालणार कोण?

त्याच उन्हाळ्यात गवत कापताना ह्यूई छाती धरून खाली बसला. शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी डिंफ्नाला बाजूला घेतलं. "बाई, वाचले ते. पण आता धावणं नाही, ओझं उचलणं नाही. पुढच्या वेळी त्यांना इथपर्यंत आणायलाही वेळ मिळणार नाही." तेव्हापासून रात्री मध्येच जाग आली की ती आधी त्याचा श्वास ऐकायची.

सप्टेंबरात आर्डव्हार्नाशी सामना ठरला होता. माणसं पुरेनात म्हणून क्लूनाहरने त्या वर्षी दोन सामने आधीच सोडले होते. तिसरा सुटला तर क्लब मोडायचा आणि उरलीसुरली पोरं आर्डव्हार्नात घालायची, असं काउंटीच्या मंडळाने तोंडावर सांगून टाकलं होतं. कसेबसे पंधरा जमले. आणि सामन्याच्या तोंडावर क्लबचा चिटणीस मॅलकी टोपी चुरगाळत डिंफ्नाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"पुतण्या गेला माझा. बोस्टनच्या मामाने तिकीटच धाडलं, जर्सी न घेताच निघाला. काय म्हणू त्याला?"

"म्हणजे चौदा," ह्यूई म्हणाला.

"चौदा. तेरा जणांवर सुरू करता येतं म्हणा, पण मध्यंतरानंतर मैदानात पंधरा दिसले पाहिजेत. नाहीतर पंच तिथेच गाशा गुंडाळतो." मॅलकीने ह्यूईकडे बघितलं. "नुसतं उभं राहायचं रे. कोपऱ्यात. मेंढरू उभं राहतं तसं. पाच मिनिटांनी लंगडत बाहेर ये."

ह्यूई शेगडीकडे बघत राहिला.

"मॅलकी," डिंफ्ना म्हणाली, "चहा झाला असेल तर ऊठ."

तिला आपला नवरा पुरता ठाऊक होता. ह्यूईला मेंढरासारखं उभं राहता आलं असतं तर तो ह्यूई कसला? चेंडू वरून येताना दिसला की त्याचे पाय निघणार, हात वर जाणार आणि तो तिथेच कोसळणार. तिला ते इतकं लख्ख दिसत होतं की शनिवारी पिशवी भरताना ती सहा नंबरपाशी थांबली. चौदा जर्सी तिने पिशवीत घातल्या. पंधरावी, सहा नंबरची, कपाटात घोंगडीखाली सारली. नंबराशिवाय पंच कोणाला आत घेत नाही. विसरले म्हणायचं, झालं.

आपण काय करतोय हे तिला कळत होतं. आपण क्लब बुडवतोय. ज्या क्लबापायी तिने आपलं सगळं तारुण्य साबणाच्या पाण्यात घातलं तो बुडवतोय, आणि तो आपल्या माहेरच्या घशात जाणार आहे. तिला रडू आलं. पण तिला नवरा हवा होता.

रविवारी चौदा जण जिवाच्या आकांताने खेळले. मध्यंतराला क्लूनाहर एका गुणाने पुढे होतं. कोणाच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, तरी पोरं हसत होती. कप्तान एन्डा धापा टाकत आला. "ह्यूई, चला. काढा कोट."

दुधाच्या उपड्या क्रेटवर ह्यूई बसला होता. गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावलेली. त्याने एन्डाकडे बघितलं आणि हात वरच्या बटणावर नेला.

डिंफ्नाने पिशवी उलटी केली. "सहा नंबर नाही यात. घरीच राहिला वाटतं."

"राहिला?" मॅलकी ओरडला. "इतक्या वर्षांत तुझं एक बटण कधी राहिलं नाही गं!"

"राहिला. विसरले मी."

एन्डा पंचाकडे धावला. कोणाचा तरी सदरा चालेल का, पाठीवर खडूने आकडा काढला तर? पंचाने मान हलवली. घर तीन मैलांवर होतं आणि मध्यंतर संपत आलं होतं. कोणीतरी गाडीकडे पळाला आणि मध्येच थांबला. मागून आवाज आला, "शेवटी रक्त आर्डव्हार्नाचंच." कोणीही त्याला गप्प बस म्हणालं नाही.

डिंफ्ना ह्यूईकडे बघत होती. तो आता तिच्यावर ओरडेल, सगळ्यांसमोर तिचे वाभाडे काढेल, असं तिला वाटलं. तिची तयारी होती. पण तो मान खाली घालून बसून राहिला. हात बटणावरून निघून गुडघ्यावर आला होता. दुःखाने थिजलाय बिचारा, असं ती समजली.

पंचाने शिट्टी वाजवली, थोडा थांबला आणि चेंडू काखेत घेतला. आर्डव्हार्नाची पोरं जिंकली, पण एकानेही आरोळी ठोकली नाही. ती ओळीने आली आणि मयताला करतात तसं एकेकाचा हात हातात घेऊन, "वाईट झालं," म्हणत पुढे गेली. डिंफ्नाचा सख्खा भाचा त्यांत होता. त्यानेही तिचा हात धरला आणि तेच म्हणाला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघं घरी आली. ह्यूई कोट न काढताच शेगडीपाशी बसला. तिने बटाटे आणि कोबी गरम केला. त्याने ताटाला हात लावला नाही.

"ह्यूई, ती राहिली नव्हती. मीच ठेवली. मुद्दाम."

"माहीत आहे."

त्याने कोटाची बटणं काढली. आत किरमिजी जर्सी होती. तो पाठमोरा वळला तेव्हा सहाचा आकडा दिसला, तिनेच शिवलेला.

"सकाळी घोंगडी काढताना सापडली," तो म्हणाला.

"अंगावर होती? तिथे, मैदानावर?"

"हो."

"आणि ते मला बोलत होते तेव्हा?"

"तेव्हाही." तो तिच्याकडे वळला. "खेळायचं म्हणूनच घातली होती गं. एन्डा कोट काढा म्हणाला तेव्हा बटणाला हातही घातला. तेवढ्यात तू म्हणालीस, राहिली. आणि मला बरं वाटलं. देवा, इतकं बरं वाटलं! मला मरायचं नाही, डिंफ्ना. क्लब मेला तरी चालेल, मला मरायचं नाही." तो तोंडावर हात घेऊन लहान पोरासारखा रडायला लागला.

तिला असा संताप आला की किटली उचलून भिंतीवर फेकावी. सगळ्या गावाच्या तोंडी तिला देऊन हा बाप्या कोट घट्ट आवळून बसला होता! आणि त्याच वेळी तो श्वास घेत होता, हुंदके देत होता, जिवंत होता. आधी रडावं की आधी मारावं हे तिला कळेना.

"हात वर कर," ती शेवटी म्हणाली.

त्याने हात वर केले. तिने जर्सी डोक्यावरून ओढून काढली आणि ती हातात येताच थबकली. जर्सी चिंब भिजली होती. पाठ, छाती, काखा, कॉलरसुद्धा. चौदा जण अर्धा तास चिखलात लोळून आले होते, पण त्यांची एकही जर्सी इतकी जड नव्हती. क्रेटवर बसलेल्या माणसाची जर्सी तिने दोनदा खळबळून काढली.

सोमवारी ती चिमट्यांची टोपली घेऊन निघाली तसा ह्यूई दारात आडवा आला.

"ती नको टांगूस. लोक मोजतात."

"मोजू देत."

"घरातच होती हे कळेल सगळ्यांना. म्हणतील तू मुद्दाम बुडवलंस. आर्डव्हार्नासाठी."

"म्हणू देत. नाहीतर उद्या कोणीतरी विचारेल, ह्यूई खरंच खेळायला तयार होता का? त्यापेक्षा हेच बरं. तू तयार होतास आणि बायकोने घात केला. बाजूला हो."

तो बाजूला झाला.

तिने पंधराच्या पंधरा टांगल्या. सहा नंबर मधोमध, रस्त्याकडे पाठ करून. थोड्या वेळाने मॅलकीचा ट्रॅक्टर आला आणि हळू झाला. त्याने बोटाने मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग इंजिन बंद करून तो तिच्याकडे बघत राहिला.

"आर्डव्हार्नावाली," तो म्हणाला आणि रस्त्यावर थुंकला.

खिडकीचा पडदा हलला. डिंफ्ना दाराकडे बघत थांबली. दार उघडलं नाही. ट्रॅक्टर पुन्हा सुरू होऊन वळणाआड गेला, तेव्हा तिने टोपलीतून आणखी एक चिमटा घेतला आणि सहा नंबरला लावला.