डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

मी इंग्रजी उत्तम शिकवायचे, हे मीच सांगते. ब्रह्मा घाटाजवळच्या आमच्या ओसरीवर दुपारी सासुरवाशिणी जमायच्या. कोकणातून, देशावरून लग्न होऊन काशीत आलेल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या. जनाना इस्पितळात विलायतेहून नवी डॉक्टरीणबाई आली होती. तिला ना मराठी यायची, ना हिंदी. म्हणून मी आधी तिचेच प्रश्न शिकवायला घेतले.

गाडी अडली ती 'नवऱ्याचं नाव काय?' या प्रश्नावर. तो विचारला की सगळ्या तोंडाला पदर लावून गप्प.

"अगं, ती मेम आहे, सासू नव्हे!" मी कडाडले.

तेव्हा रत्नागिरीकडून नुकतीच आलेली एक पोरसवदा सून उभी राहिली. "गंगा इज बिग, बोट इज स्मॉल," म्हणाली, मग नवऱ्याचं नाव घेतलं आणि "इज बेस्ट ऑफ ऑल" असं ठणकावून पुरं केलं. इंग्रजीत उखाणा! मग काय, एकेकीला कंठ फुटला. डॉक्टरीणबाईंना नाव हवं ना, मग आधी उखाणा ऐकावा.

मी खूश होऊन पुढचा धडा काढणार, तोच ती सून माझ्याकडे वळली.

"व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?"

उच्चार अगदी चोख, मीच घोटून घेतलेला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आतल्या खोलीत हे जागे होते, आणि मला एकही इंग्रजी यमक सुचत नव्हतं.