झिजलेला दिवा

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. तरणतलावाच्या तिकीटखिडकीत लॉकरच्या किल्ल्या खिळ्यांवर टांगून झाल्या होत्या आणि मावशी सुट्ट्या नाण्यांचा डबा ओतून दीपगृहाचं चित्र असलेली नाणी शोधत होत्या. दोन सापडली. दोन्ही लखलखीत, जणू कालच पाडलेली. मावशींनी नाक मुरडलं आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती पडावीत म्हणून ती डब्यात सगळ्यांत वर ठेवली.

बंदरावरच्या दीपगृहाची शंभरी झाली तेव्हा हे नाणं निघालं, त्याला चौदा वर्षं झाली. किंमत नेहमीच्या नाण्याएवढीच, फक्त चित्र वेगळं. मावशींचे यजमान टांकसाळीत होते. पोलादी ठशावर शेवटचा हात त्यांचा फिरे, लाकडी काडीला हिऱ्याची पूड लावून. दीपगृहाचा ठसा त्यांनीच घासला आणि नाणं बाजारात यायच्या आधी ते गेले.

"झिजल्याशिवाय नाणं कामाला आलं म्हणू नये," ते जेवताना म्हणायचे. "या नाण्यात दिव्याचा उठाव सगळ्यांत उंच आहे. पंधरा वर्षांत आधी दिवा जाणार."

"मग दीपगृहाचं राहील काय?"

"गृह," ते म्हणाले होते आणि त्यांनी भाजीचं भांडं पुढे ओढलं होतं.

दिवा गेलेलं ते नाणं एकदा बघायचं, एवढंच मावशींच्या मनात होतं. पण उद्या भाव येईल या आशेनं लोकांनी दीपगृहं डब्यांत कोंडून ठेवलेली. खुद्द नणंदेकडे साठ होती.

"जुन्या नाण्यांच्या दुकानात विचारून आले," गेल्या महिन्यात नणंद सांगत होती. "छापील किमतीला घेतो म्हणाला. वर म्हणे, नाहीतर पिशवी परत न्या."

"मग खर्च कर की गं."

"वहिनी, दादाच्या हातचं नाणं तुम्ही खुशाल सुट्ट्यांत देता. एखादं तरी जपा!"

"सगळ्यांनी जपलं म्हणून तर ते झिजत नाही."

नणंदेनं कपाळाला हात लावला.

आज दुसऱ्या तुकडीला एक नवा माणूस आला, बसचा ड्रायव्हर. लॉकरच्या किल्लीची अनामत म्हणून त्यानं एक नाणं सरकवलं. मावशींच्या बोटांना ते डोळ्यांआधी कळलं. गुळगुळीत. दीपगृहाचा मनोरा होता, खिडकीची पुसट रेघ होती, दिव्याच्या जागी नुसता सपाट धातू. मावशींनी खिडकीतला पंखा उगीच बंद केला, परत लावला. मग ते नाणं स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

आठ वाजता ड्रायव्हर किल्ली घेऊन आला. मावशींनी त्याला डब्यात उरलेलं चकचकीत दीपगृह दिलं.

"हे माझं नाही, मावशी."

"तेच तर आहे. उलट नवंकोरं."

"म्हणूनच माझं नाही."

"अहो, नाण्यावर काय नाव घातलंय का?" मागून एक ओला टॉवेल गुंडाळलेला गृहस्थ ओरडला. "सरका, मी इथे काकडतोय!"

ड्रायव्हर सरकला नाही. मावशींनी पर्स उघडली, नाणं काढलं, पण मुठीतून सोडलं नाही.

"कुठे कुठे फिरून आलंय हे?"

"कुठेच नाही. सिगारेट सोडली तेव्हापासून खिशात आहे. सिग्नलला गाडी थांबली की यावर अंगठा फिरवतो. अकरा वर्षं झाली. मध्ये बायकोनं ते भाजीवालीला दिलं होतं, धावत जाऊन परत आणलं."

मावशींच्या मनात इतकी वर्षं बाजार होता, हजार हात होते. निघाला एक अंगठा.

"माझ्या यजमानांनी याचा ठसा घासला होता," त्या म्हणाल्या.

"मग राहू द्या तुमच्याकडे."

तोंडानं तो म्हणाला खरा, पण त्याचा अंगठा खिडकीच्या कडेवर गोल गोल फिरायला लागला होता. मावशींनी ते पाहिलं आणि मूठ उघडली.

"घ्या. पुन्हा ओढायला लागलात तर बोल मला लागायचा."

त्यानं नाणं झटकन उचललं.

"पण अनामत म्हणून हेच द्यायचं," मावशींनी बजावलं. "दुसरं घेणार नाही."

"आणि परत?"

"हेच देईन. आता सरका, ते काका खरंच निळे पडलेत."

उद्या शुक्रवार. दुसरी तुकडी सव्वासातला पाण्यात उतरते आणि आठला बाहेर येते. तोवर अनामतीची नाणी खिडकीतच, मावशींच्या हाताशी असतात.