आकड्यानंतरचा घोट

मीनल गेल्याचं मला माझ्या मुलीनं, सईनं सांगितलं. मी पोळ्या लाटत होते. तव्यावरची पोळी करपून घरभर धूर झाला, तरी मला भान नव्हतं...

मीनल जयपूरच्या सोडाला भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. त्याआधी नवरा फौजेत, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड ट्रंकांत. अर्थशास्त्रात एम.ए. असून हिला नोकरी कुठेच धरता आली नाही. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, निवृत्त होऊन इथे स्थिरावले तेव्हा बाईसाहेब पंचेचाळिशीला आल्या होत्या. तरी तिनं सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका निर्यात कंपनीत अर्ज केला, तोही अगदी नवख्यांच्या जागेसाठी. साहेबानं पगाराची अपेक्षा विचारली, तर ही म्हणाली, "जी, आप जो ठीक समझें." त्यांनी ठीक समजून जो आकडा दिला तो ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "लग्नाच्या बैठकीला गेली होतीस का गं, तुम्ही द्याल ते म्हणायला?" ती हसली, नोकरीही केली. पण आपण आकडा सांगितला नाही, हे तिला फार लागलं होतं.

मग कॉलनीतलं कुणीही पोर अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालं, की मीनल त्याला आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसवायची. समोर स्टीलचा पेला, पाण्यानं भरलेला. आधीच्या वर्षी पास झालेल्यांना काय मिळतंय ते विचारून यायला लावायची. पदवी मिळाली म्हणून कुणी लगेच बँकेत साहेब होत नाही, पहिली दोन वर्षं आकडे भरण्यातच जातात, हेही तोंडावर सांगायची. आणि मग तिचा तो नियम... "पगाराचा आकडा बोलायचा आणि लगेच घोट घ्यायचा. तोंडात पाणी असलं की माणूस स्वतःच स्वतःला कमी करत नाही." कारण ही पोरं आकडा सांगून त्याच दमात म्हणायची, "थोड़ा कम भी चलेगा."

सई त्यांतली सगळ्यात भित्री. "मावशी, मतलब, ते नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणतील. त्यानं कुणी मरत नाही."

पुढे मीनलच आजारी पडली. शेवटची भेटले ती हॉस्पिटलात. घरचा पेला तिनं तिथेही नेला होता. डॉक्टर काय म्हणतात, असं मी विचारलं.

"दिवाळीपर्यंत," ती म्हणाली, आणि हात लांबवून पेला घेतला. एक घोट घेतला.

"एवढंच? थोडं वाढवून सांगायला सांग ना गं त्यांना."

तोंडात पाणी, त्यामुळे तिला बोलता येईना. डोळे आधी हसले, मग भरून आले. मी तिचा हात धरून बसले.

तिला तेवढंही मिळालं नाही. दिवाळी अजून यायची आहे.

गेल्या आठवड्यात सईची पहिली मुलाखत झाली. बाहेर पडल्या पडल्या तिनं फोन केला. "आई, मी आकडा सांगितला. मग पाण्याचा घोट घेतला. ते गप्पच बसले. मग मी पण गिळलं नाही."

"आणि?"

"म्हणाले, ठीक है, मंडे से आओ."

आणि पोर रस्त्यात उभी राहून रडायला लागली. का, ते मी विचारलं नाही.

भाऊजींनी तो पेला सईला देऊन टाकलाय. आता तो आमच्या टेबलावर असतो. काल जेवताना यांनी विचारलं, यंदा दिवाळीच्या फराळाचं करायचं ना? मी हाताला आला तो पेला उचलला आणि घोट घेतला. मला तो गिळवेना.